जहाज सुटण्याआधीचे महिने

निघायला आता थोडेच दिवस उरले आहेत. योकोहामाला जहाजात चढायचं, जपानच्या मुख्य बेटाला जवळपास प्रदक्षिणा घालायची आणि पुन्हा योकोहामालाच उतरायचं, असा बेत आहे. वाटेत आओमोरी, हाकोदाते, कानाझावा, मध्येच कोरियातलं बुसान, मग नागासाकी आणि कागोशिमा. सोबतीला माझ्या थोरल्या नणंदबाई. मी शाळेत भूगोल शिकवायची, वन्सं बँकेत होत्या, त्यामुळे नकाशे माझ्याकडे आणि हिशेब त्यांच्याकडे ही वाटणी न बोलताच झाली.

जहाजाचं आरक्षण फार आधी करावं लागतं. पैसे भरल्यापासून निघेपर्यंत मध्ये बराच काळ जातो. ओळखीतली मंडळी विचारतात, "तयारी काय काय केली?" त्यांना बॅगेत काय भरलं ते हवं असतं. माझ्या लेखी खरी तयारी म्हणजे हे वाट पाहण्याचे महिने. ते कसे घालवले आणि त्यातून काय हाती लागलं, ते लिहिते.

१. बंदराची ओळख घरी बसूनच करून घ्यावी

विमानाने गेलेला माणूस एका गावात चार दिवस राहतो. पहिल्या दिवशी अनोळखी वाटलेला रस्ता तिसऱ्या दिवशी त्याच्या पायाखालचा झालेला असतो. जहाजाच्या प्रवाशाला ती सवड नसते. जहाज सकाळी सात-आठच्या सुमारास धक्क्याला लागतं, संध्याकाळी पाच-सहाला सुटतं आणि सुटण्याच्या बरंच आधी सगळ्यांनी आत यावं लागतं. उतरण्याची रांग, गावात जायची बस, परतीसाठी हाताशी राखलेला वेळ हे सगळं वजा केलं की सहा तास उरतात. ते सहा तास माहितीचे फलक वाचण्यात घालवायचे नसतील तर वाचन आधी व्हायला हवं.

आम्ही दर रविवारी एक बंदर घ्यायचं ठरवलं. नकाशा पसरायचा, इतिहास वाचायचा, जुनी छायाचित्रं पाहायची आणि शेवटी त्या गावात करायची एकच गोष्ट निवडायची. वन्संना हे आधी पटेना. "अगं, एवढे पैसे मोजून जायचं आणि एका गावात एकच गोष्ट बघायची?"

मग नागासाकीचा रविवार आला. एका बाजूला देजिमा, १६३६ साली समुद्रात भर घालून तयार केलेलं पंख्याच्या आकाराचं बेट. जपानने आपली दारं लावून घेतली, त्या दोनशेहून अधिक वर्षांत युरोपातल्या व्यापाऱ्यांना, म्हणजे डचांना, राहायला एवढीच जागा होती. दुसऱ्या बाजूला ९ ऑगस्ट १९४५, सकाळचे ११ वाजून २ मिनिटं. त्या दिवसाबद्दल वाचून झाल्यावर वन्सं बराच वेळ बोलल्या नाहीत. मग त्याच म्हणाल्या, "दोन्ही एका दिवसात नको. ट्रामने शांतता उद्यानात जाऊ, थांबू, आणि तिथून जहाजावर येऊ." एका गावात एकच गोष्ट हा नियम त्या दिवसापासून त्यांचा झाला.

कागोशिमात आम्ही निवडला साकुराजिमा. १९१४ च्या उद्रेकापर्यंत हा ज्वालामुखी खाडीतलं बेट होता. त्या वर्षी वाहून आलेल्या लाव्हाने मधली सामुद्रधुनी बुजवली आणि बेट मुख्य भूमीला जोडलं गेलं. शहरातून फेरीबोटीने पंधरा मिनिटांत तिथे पोचता येतं. तिथे राख पडण्याचा अंदाज हवामानाच्या बातम्यांत सांगतात आणि अंगणातली राख भरून ठेवायला महापालिका वेगळ्या पिशव्या देते. धुमसत्या डोंगराच्या पायथ्याशी लोक दुकानं उघडतात, मुलांना शाळेत पाठवतात. मी वर्गात वर्षानुवर्षं फळ्यावर ज्वालामुखीचा छेद काढला. आता तो धूर सोडताना पाहायचा आहे.

२. फुलांची तारीख झाड ठरवतं, आपण हिशेब ठेवावा

जहाजाची तारीख कितीतरी आधी छापलेली असते. चेरीच्या झाडांची नसते. आमचं जहाज एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात उत्तरेला पोचेल. टोकियोतली फुलं तोवर गळून गेलेली असतात. आमची सगळी भिस्त आओमोरीजवळच्या हिरोसाकीवर, आणि तिथे हुकलं तर हाकोदातेवर.

फुलं उमलल्याचं जपानात जाहीर कसं होतं हे कळलं तेव्हा मी हरखून गेले. हवामान खात्याने गावोगावी नमुन्याची झाडं ठरवून ठेवली आहेत. टोकियोचं झाड यासुकुनी देवस्थानाच्या आवारात आहे. खात्याची माणसं जाऊन फांद्या न्याहाळतात. पाच-सहा फुलं उघडलेली दिसली की मोसम सुरू झाल्याचं सांगतात आणि ऐंशी टक्के कळ्या उमलल्या की पूर्ण बहर. मोसमाचा अंदाज वर्तवण्याचं काम मात्र खात्याने २०१० पासून थांबवलं. ते आता खासगी हवामान कंपन्या करतात.

टोकियोसाठी एक साधा ठोकताळाही आहे. १ फेब्रुवारीपासून रोजचं कमाल तापमान मांडत जायचं, बेरीज सहाशे अंशांच्या घरात गेली की फुलं येतात. मी एक वही घातली. रोज सकाळी चहा झाला की आदल्या दिवशीचं टोकियोचं तापमान लिहायचं आणि बेरीज पुढे न्यायची. पुण्यात फेब्रुवारीतच उन्हाचा चटका जाणवायला लागला होता आणि माझ्या वहीत दहा, अकरा, नऊ असे आकडे पडत होते. एखाद्या दिवशी सतरा आला की वन्संना फोन. मार्च सरता सरता बेरीज सहाशेजवळ आली आणि त्याच दिवसांत यासुकुनीच्या झाडाची बातमीही आली. तो आनंद मी कुणाला नीट समजावून सांगू शकणार नाही. मी अजून पुण्यातच होते, पण एका परक्या गावच्या वसंताचा हिशेब माझ्या हाताने झाला होता.

तिथून पुढे नकाशावर बहर उत्तरेकडे सरकताना पाहायचा. सेंदाई, मग मोरिओका, मग आओमोरी. हिरोसाकीच्या किल्ल्याच्या बागेत चेरीची सुमारे २,६०० झाडं आहेत, त्यांतलं एक १८८२ साली लावलेलं आणि अजून फुलणारं. हा सगळा मुलूख सफरचंदांचा. जपानातली निम्म्याहून जास्त सफरचंदं एकट्या आओमोरी प्रांतात पिकतात. चेरीच्या फांद्या छाटू नयेत असा तिकडे सर्वसाधारण समज होता, पण हिरोसाकीच्या माळ्यांनी सफरचंदाच्या छाटणीची रीत चेरीला लावली. झाडं जास्त जगली आणि एकेका कळीतून येणारी फुलंही वाढली. आमच्याकडे नाशिकचे द्राक्षवाले छाटणीबद्दल ज्या जिव्हाळ्याने बोलतात तो मी ऐकला आहे, म्हणून ही गोष्ट मला फार आपली वाटली.

एक काळजीही या वहीने दिली. क्योतोतल्या बहराच्या नोंदी जुन्या रोजनिशांमधून थेट नवव्या शतकापर्यंत मागे नेता येतात. त्या बाराशे वर्षांतल्या सर्वांत लवकर आलेल्या बहरांपैकी एक २०२१ चा, २६ मार्चचा. पृथ्वी तापते आहे याचा इतका हळवा आणि इतका पक्का पुरावा मला वर्गात शिकवताना माहीत असता तर मुलांना आलेख काढायला हाच दिला असता. मोसम असाच अलीकडे येत राहिला तर एप्रिलच्या शेवटी उत्तरेला जाणाऱ्यांना फांद्यांवर पानंच दिसतील.

आमच्या वाट्याला काय येईल ते त्या सकाळीच कळेल. पूर्ण बहर असेल तर उत्तम. दोन दिवस उशीर झाला असेल तर किल्ल्याच्या खंदकात पाकळ्यांचा थर पसरलेला असतो, पाणी दिसत नाही इतका. कितीतरी लोक तेवढंच पाहायला मुद्दाम उशिरा जातात.

३. व्हिसाआधी जहाजाचा मार्ग वाचावा

जपानची क्रूझ म्हणून घेतलेल्या सहलीत कोरियाचं बुसान कशाला, असं वन्संनी पहिल्याच दिवशी विचारलं. उत्तर एका जुन्या कायद्यात सापडलं. १८९९ च्या जहाज कायद्याप्रमाणे परदेशी निशाणाच्या जहाजाला जपानच्या एका बंदरातून दुसऱ्या बंदरात प्रवासी किंवा माल नेण्याची मुभा नाही. त्यामुळे योकोहामाहून सुटून योकोहामालाच परतणारी परदेशी जहाजं वाटेत एखादं परदेशी बंदर घेतात, बहुतेकदा बुसान किंवा जेजू, कधी तैवान.

याचा परिणाम थेट आपल्या पासपोर्टवर होतो. बुसानला गेलं की आपण जपानबाहेर पडलो, आणि नागासाकीला पुन्हा जपानमध्ये शिरलो. एकदाच प्रवेश देणारा व्हिसा इथे पुरत नाही, दोनदा प्रवेशाचा मागावा लागतो. एका प्रवेशाचा व्हिसा दिल्यापासून तीन महिने आणि दोन प्रवेशांचा सहा महिने चालतो, म्हणजे फार आधी अर्ज करण्यातही अर्थ नाही. कोरियासाठी काय लागतं ते जहाज कंपनीकडून लेखी मागून घ्यावं, तोंडी सांगण्यावर राहू नये.

अर्जाबरोबर रोजचा कार्यक्रम भरून द्यायचा असतो. तारीख, ठिकाण, मुक्काम, संपर्क. मुक्कामाच्या रकान्यात आम्ही ओळीने जहाजाचं नाव लिहीत गेलो आणि ठिकाणाच्या रकान्यात बंदरं बदलत गेली. वन्संचं अक्षर सुरेख आहे. तो कागद पाहताना आपण खरंच निघालो असं मला पहिल्यांदा वाटलं.

४. नकाशावर आपलं जहाज आधी चालवून पाहावं

जहाजाच्या प्रवासात समुद्र हेही पाहायचं ठिकाण असतं, आणि त्याची माहितीपत्रिका कुणी देत नाही. मी जपानचा मोठा नकाशा भिंतीवर लावला आणि दोन बंदरांमधलं पाणी वाचायला घेतलं.

आओमोरीहून हाकोदातेला जाताना त्सुगारूची सामुद्रधुनी ओलांडावी लागते. अरुंद ठिकाणी ती वीसेक किलोमीटरच भरते, पण तिथला समुद्र अवखळ. २६ सप्टेंबर १९५४ च्या वादळात तोया मारू ही रेल्वेची फेरीबोट हाकोदातेजवळ बुडाली आणि अकराशेहून अधिक माणसं गेली. समुद्राखालून बोगदा न्यावा या विचाराने त्या दुर्घटनेनंतर जोर धरला. तो सेइकान बोगदा १९८८ मध्ये सुरू झाला, जवळजवळ ५४ किलोमीटर लांबीचा, त्यातले तेवीसेक किलोमीटर समुद्रतळाखाली. आमचं जहाज रात्री ते पाणी ओलांडेल तेव्हा त्याच सामुद्रधुनीखालून आगगाड्या जात असतील. मी गजर लावून डेकवर जाणार आहे. वन्संनी शाल घेऊन येते म्हणून कबूल केलं आहे.

नागासाकीला पोचताना पहाटे उठायचं. बंदर एका लांब, चिंचोळ्या खाडीच्या टोकाशी आहे आणि आत शिरताना मेगामी पुलाखालून जावं लागतं. पुढे मित्सुबिशीच्या गोदीतली १९०९ सालची प्रचंड क्रेन दिसते. ती आता जागतिक वारशाच्या यादीत आहे आणि अजून कामही करते.

पुलांवरून एक व्यवहाराची गोष्ट. योकोहामाचा बे ब्रिज १९८९ साली खुला झाला, तेव्हा इतकी उंच प्रवासी जहाजं येतील हे कुणाच्या ध्यानात नव्हतं. पुलाखाली साधारण ५५ मीटर मोकळे मिळतात. त्याहून उंच जहाजांसाठी पुलाच्या अलीकडे दाइकोकू धक्क्यावर २०१९ मध्ये नवं टर्मिनल सुरू करावं लागलं. बाकीची बरीचशी जहाजं शहराच्या मध्यावरच्या ओसानबाशी धक्क्याला लागतात. दोन्ही पत्त्यांत बरंच अंतर आहे. तिकिटावर नुसतं योकोहामा वाचून टॅक्सीत बसू नये.

५. आधी गेलेल्यांना सोबत घ्यावं

जहाजाने जपान पाहणं ही आजची हौस वाटते, पण मुंबईहून समुद्रमार्गे जपानला जाण्याची वाट जुनी आहे. ३१ मे १८९३ ला स्वामी विवेकानंद मुंबईहून बोटीने निघाले. कोलंबो, पिनांग, सिंगापूर, हाँगकाँग करत नागासाकीला पोचले, मग कोबे, आणि तिथून जमिनीवरून ओसाका, क्योतो, टोकियो पाहून योकोहामाला आले. योकोहामाहून ते ज्या जहाजाने व्हँकुव्हरला गेले त्यावर जमशेदजी टाटाही होते. शिकागोच्या भाषणाची गोष्ट आपल्याला तोंडपाठ असते, वाटेतलं जपान मात्र कुणी सांगत नाही.

जमशेदजी जपानला का गेले होते? मुंबईचा कापूस ओसाकाच्या गिरण्यांना हवा होता, पण भाडं ठरवायच्या त्या मार्गावरच्या युरोपीय जहाज कंपन्या. टाटांनी निप्पॉन युसेन काइशा या जपानी कंपनीशी हातमिळवणी केली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात हिरोशिमा मारू हे जहाज कोबेहून मुंबईला निघालं. दूरच्या पल्ल्याची नियमित जपानी जहाजसेवा सुरू झाली ती मुंबईसाठी! हे वाचल्यावर मी दोनदा ते पान उघडलं. गिरणगावात माझं आजोळ होतं. तिथल्या धुराड्यांशी ज्या देशाचा व्यापार आणि स्पर्धा चालली त्या देशाला मी जाते आहे, हे मला कुठल्याही सहल कंपनीने सांगितलं नव्हतं.

रवींद्रनाथ १९१६ च्या मे महिन्यात कलकत्त्याहून तोसा मारू जहाजाने निघाले आणि महिनाअखेर कोबेला उतरले. वाटेत त्यांना वादळ लागलं. या प्रवासावरचं त्यांचं पुस्तक 'जापान-यात्री'. आणि आपल्याकडे पु. ल. देशपांडे यांचं 'पूर्वरंग' आहेच. ते मी कॉलेजात असताना वाचलं होतं, आता पुन्हा वाचायला काढलं. तेव्हा ते मला पुलंच्या प्रवासाचं वाटलं होतं, या खेपेला मी त्यातली गावं नकाशावर शोधत वाचलं.

६. पायांना जपान आधी कळू द्यावं

पुण्यात सिंहगड रस्त्यावर पु. ल. देशपांडे उद्यान आहे. त्याचं दुसरं नाव पुणे-ओकायामा मैत्री उद्यान, आणि त्याचा आराखडा ओकायामाच्या कोराकुएन बागेवरून घेतलेला आहे. कोराकुएन, मितोची काइराकुएन आणि कानाझावाची केनरोकुएन या जपानच्या तीन थोर बागा मानल्या जातात. म्हणजे कानाझावाला आम्ही जी बाग पाहणार तिच्या बहिणीची सावली आम्हाला घरापासून रिक्षाच्या अंतरावर मिळत होती.

आम्ही सकाळी तिथे चालायला जायला लागलो. सुरुवातीला वन्संचा गुडघा लवकर बोलायचा. हळूहळू दोन फेऱ्या, मग जास्त. जपानची स्थानकं, जिने, बागेतल्या खडीच्या वाटा यांना पाय तयार हवेत. पण चालता चालता डोळेही तयार झाले. पाणी एकदम सगळं का दिसत नाही, वळण कुठे घेतलं आहे, टेकाड कुठे मुद्दाम रचलं आहे, पूल कुठून पाहायचा. पुण्याच्या बागेत शोभेला लावलेली झाडं वेगळी आहेत आणि हवाही वेगळी, तरी मांडणी तीच भाषा बोलते. केनरोकुएनमध्ये हिवाळ्यात बर्फाच्या ओझ्याने फांद्या मोडू नयेत म्हणून झाडांना वरून दोरखंड बांधतात, छत्रीच्या काड्यांसारखे. एप्रिलअखेर ते उतरवलेले असतील, पण ज्या पाइनला ते बांधतात तो पाइन मी शोधणार आहे.

कानाझावाबद्दल आणखी एक. १ जानेवारी २०२४ च्या भूकंपाने तिथून उत्तरेच्या नोतो द्वीपकल्पाचं मोठं नुकसान केलं, वाजिमातला जुना सकाळचा बाजार आगीत जळून गेला. वाजिमाचं लाखेचं काम प्रसिद्ध आहे. वन्संनी खरेदीसाठी वेगळे काढलेले पैसे आम्ही तिथल्या एखाद्या लहान वाटीसाठी ठेवले आहेत. किल्ल्यांची चित्रं असलेले चुंबक आणि चाव्यांची साखळी कुणाला आणायची नाही, असं घरात सांगूनही टाकलं.

७. शाकाहारी माणसाने मासा कुठे लपतो ते शिकून जावं

वन्सं शाकाहारी. जहाजावर भारतीय जेवणाची सोय आधी कळवलं तर होते, त्याची चिंता नव्हती. प्रश्न बंदरावरचा. जपानी स्वयंपाकाचा पाया दाशी नावाच्या अर्कावर, आणि तो बहुतेक ठिकाणी वाळवलेल्या बोनिटो माशाच्या किसातून काढतात. मिसो सूप, नूडल्सचा रस्सा, शिजवलेल्या भाज्या, सगळीकडे तो असतो आणि ताटात मात्र मासा दिसत नाही. समुद्री शेवाळाची दाशीही असते, पण ती विचारून घ्यावी लागते.

माझी एक विद्यार्थिनी जपानी शिकली आहे. पुण्यात ही भाषा शिकणारी मुलं पुष्कळ. तिने वन्संना एक कार्ड लिहून दिलं: मांस, मासे आणि माशाचा अर्क चालत नाही, अंडं चालत नाही, दूध चालतं. कोपऱ्यावरच्या दुकानांत मिळणाऱ्या भाताच्या त्रिकोणी गोळ्यांमध्ये खारवलेल्या आंबट फळाचा प्रकार असतो, तो कसा ओळखायचा तेही तिने चित्र काढून दाखवलं.

घरून नेताना ताजं काही घेऊ नये. कढीलिंब, मिरच्या, लिंबं, फळं, मांसाचे पदार्थ विमानतळावरच काढून घेतात, आणि जहाजावरची फळं खिशात घालून बंदरावर उतरायलाही मनाई असते. भाजणीची चकली, लाडू, मेतकूट एवढं आम्ही बांधलं आहे.

८. औषधांची बॅग डॉक्टरांसमोर भरावी

सर्दीच्या काही गोळ्यांत स्यूडोएफेड्रिन असतं. जपानमध्ये ते ठरावीक प्रमाणापलीकडे चालत नाही, कोडीनवरही बंधनं आहेत. रोजची औषधं महिनाभर पुरतील एवढीच न्यावीत, जास्त हवी असतील तर आधी परवानगी काढावी लागते. मूळ वेष्टनं आणि चिठ्ठी सोबत. आमच्या डॉक्टरांनी पाकिटावरचे घटक एकेक करून वाचले आणि सर्दीची एक गोळी बदलून दिली.

९. घरच्यांची भीती ऐकून घ्यावी

बेत सांगितल्यावर धाकट्या दिरांनी पहिलं वाक्य म्हटलं, "वहिनी, योकोहामाच ना? ते कोरोनाचं जहाज?" त्यांचं चुकलं नव्हतं. फेब्रुवारी २०२० मध्ये डायमंड प्रिन्सेस योकोहामाला अडकून पडलं, ३,७०० हून अधिक माणसं आत, त्यांतल्या सातशेहून जास्त जणांना लागण. आपण सगळ्यांनी ते रोज टीव्हीवर पाहिलं होतं.

मी त्यांना समजावत बसले नाही. पुन्हा तो सगळा काळ वाचला. जहाजावर १३८ भारतीय होते आणि त्यांतले सहा सोडले तर बाकी सगळे कर्मचारी. प्रवासी खोल्यांत बंद असताना त्यांच्या दाराशी जेवण पोचवणारी, भांडी धुणारी ही मुलं. त्यांना कोंडून घ्यायची सवलत नव्हती. कोकणातून आणि गोव्यातून पिढ्यान् पिढ्या माणसं बोटीवर गेली आहेत. आजही कुठल्याही मोठ्या क्रूझच्या मुदपाकखान्यात, साफसफाईत, इंजिनात आपली माणसं सापडतात. आठ-नऊ महिने घराबाहेर, सुट्टीचा दिवस जवळजवळ नाहीच.

हे वाचल्यावर दिरांच्या भीतीचं माझ्याकडे वेगळंच काही झालं. विमा नीट पाहिला, वैद्यकीय खर्चाची रक्कम वाढवून घेतली, त्यांना सगळ्या बंदरांच्या तारखा लिहून दिल्या. आणि चकली-लाडवाचा एक डबा वेगळा बांधला, आमच्या मजल्यावर काम करणाऱ्यांसाठी. मराठी बोलणारं कुणी भेटलं तर त्याच्या हातात द्यायचा. बोलणारं नाही भेटलं तरी द्यायचा.

१०. जहाजाच्या दिवशी पोचू नये

विमान उशिरा आलं तर जहाज थांबत नाही. हे कारण पुरेसं आहे, पण आम्हाला आणखी एक होतं. जपानचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे. वन्संना झोपेची लय बसायला एक-दोन रात्री लागतात, आणि पहिलंच बंदर हिरोसाकीचं. ते पेंगत पाहायचं नाही.

म्हणून योकोहामाला दोन रात्री आधीच घेतल्या आहेत. ओसानबाशीच्या टर्मिनलचं छप्पर लाकडी फळ्यांचं आहे, त्यावर कुणीही चालत जाऊ शकतं आणि सुटणाऱ्या जहाजांना निरोप देऊ शकतं. पहिल्या संध्याकाळी तिथे बसून दुसऱ्यांची जहाजं सुटताना पाहायची. जवळच्या यामाशिता बागेच्या काठाला हिकावा मारू बांधलेलं आहे, १९३० साली पहिल्या सफरीला निघालेलं प्रवासी जहाज, आता संग्रहालय. चार्ली चॅप्लिन १९३२ मध्ये त्यावरून अमेरिकेला परतला होता. ज्यूडोचे जनक कानो जिगोरो १९३८ मध्ये याच जहाजावर, घरी परतताना वारले. हिरोशिमा मारू मुंबईला पाठवणाऱ्या त्याच कंपनीचं हे जहाज, म्हणून मला त्याच्या जिन्यावर एकदा उभं राहायचंच आहे. सोमवारी ते बंद असतं, हे वन्संनी शोधून काढलं. आम्ही मंगळवारी सकाळी जाणार आहोत.